पडद्याची चौकट आणि चित्राचे प्रमाण

दादरा व नगर हवेलीतील वारली समाजात लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक रेखाटण्याची परंपरा आहे. या चौकात पालघट देवी विराजमान असते. चौक म्हणजे चौरस. त्याची रुंदी व उंची सारखीच. परंतु सिल्वासा परिसरातील एखाद्या शाळेत वारली कलेवरील जुना माहितीपट नव्या रुंद संचावर दाखविला, तर हाच चौक कित्येकदा आडवा पसरलेला दिसतो आणि सूर्याचे वर्तुळ अंडाकृती होते. हा दोष चित्रकाराचा नसून पडद्याच्या प्रमाणाचा असतो.

प्रमाण म्हणजे काय?

चित्राची रुंदी व उंची यांच्या गुणोत्तरास चित्राचे प्रमाण म्हणतात. रुंदी चार हात आणि उंची तीन हात असल्यास ते प्रमाण ४:३ होय. पडदा लहान असो वा मोठा, प्रमाण तेच राहिले तर आकृती बिघडत नाही.

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली प्रदर्शित झाला, तेव्हा मूकपटांची चौकट सामान्यतः ४:३ असे. बोलपटांच्या काळातही ती जवळपास तशीच राहिली. प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) याच काळातील. पुढे घरोघरी दूरचित्रवाणी आल्यावर प्रेक्षकांना चित्रपटगृहाकडे वळविण्यासाठी अमेरिकेत १९५३ साली रुंद पडद्याचा सिनेमास्कोप अवतरला. भारतात गुरुदत्त यांच्या ‘कागज के फूल’ने १९५९ साली त्याचा प्रारंभ केला. मुंबई दूरदर्शन केंद्र १९७२ साली सुरू झाले, तेव्हाचे संचही ४:३ प्रमाणाचेच होते. आजचे संच मात्र बहुधा १६:९ प्रमाणाचे असतात.

बिघाड कसा होतो?

४:३ चे चित्र १६:९ च्या पडद्यावर योग्य रीतीने दाखविल्यास ते रुंदीचा तीन-चतुर्थांश भाग व्यापते व दोन्ही बाजूंस काळ्या पट्ट्या राहतात. या पट्ट्या नकोशा वाटून चित्र ताणले, तर प्रत्येक वस्तू एक-तृतीयांशाने अधिक रुंद दिसते. चित्र न ताणता मोठे करून पडदा भरला, तर उंचीचा एक-चतुर्थांश भाग कापला जातो. मग कोणाचे डोके तर कोणाचे पाय दिसेनासे होतात. नकाशा अथवा आरोग्यविषयक भित्तिचित्र असे कापले गेल्यास नेमकी आवश्यक सूचनाच वगळली जाण्याचा संभव असतो.

याउलट, उभा धरलेल्या मोबाइलवर ९:१६ प्रमाणात चित्रित केलेली ग्रामसभा रुंद पडद्यावर रुंदीचा जेमतेम एक-तृतीयांश भाग व्यापते. मागे बसलेल्यांना त्यातील काहीच नीट दिसत नाही.

कोणती दक्षता घ्यावी?

कार्यक्रमापूर्वी पडद्यावर एक वर्तुळ दाखवून त्याची रुंदी व उंची दोरीने मोजावी. दोन्ही मापे सारखी नसल्यास संचातील चित्राची मांडणी बदलून मूळ प्रमाण निवडावे. काळ्या पट्ट्या दिसल्या तरी त्यांना दोष मानू नये. सभा-समारंभाचे चित्रण मोठ्या पडद्यासाठी करावयाचे असल्यास मोबाइल आडवा धरावा.

शिक्षक व ग्रामसेवक यांनी एवढी काळजी घेतली, तर भिंतीवरचा चौक पडद्यावरही चौकच राहील आणि आपली कला पुढील पिढीच्या दृष्टीस मूळ रूपात पडेल.