साडेपाच फुटांतले चार मिलिमीटर

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या शाळेतून बारावी होऊन गेलेला एक मुलगा सकाळच्या प्रार्थनेनंतर माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. एका भरतीसाठी त्याने अर्ज केला होता. जाहिरातीत किमान उंची १६८ सेंटिमीटर दिलेली होती. शाळेच्या नोंदवहीतही त्याची उंची १६८ सेंटिमीटर अशीच लिहिलेली होती आणि तिच्याखाली मुख्याध्यापक म्हणून माझी सही होती. त्या भरवशावर तो वर्षभर पहाटे उठून धावला. प्रत्यक्ष मोजणीत तो १६७.६ भरला आणि रांगेतून बाहेर काढला गेला. "सर, शाळेत तर मी एकशे अडुसष्ट होतो," एवढेच तो म्हणाला. त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. ती असती तर मला कदाचित बरे वाटले असते.

तो गेल्यावर मी जुनी नोंदवही काढून पाहिली. झाले होते ते असे : व्यायामशिक्षकांनी व्हरांड्याच्या भिंतीवर रंगवलेल्या फुटांच्या पट्टीशी मुलांना उभे करून उंची घेतली. हा मुलगा पाच फूट सहा इंच भरला. नोंदवहीचा रकाना सेंटिमीटरचा होता, म्हणून लिपिकांनी ६६ इंचांना २.५४ ने गुणले; उत्तर आले १६७.६४. रकान्यात अपूर्णांकाला जागा नव्हती, म्हणून नियमाप्रमाणे १६८ लिहिले. गुणाकार बरोबर होता आणि खोटे कोणीच लिहिले नव्हते. तरीही जी उंची कोणी मोजलीच नव्हती ती कागदावर आली होती, आणि तिला माझ्या सहीचा आधार मिळाला होता.

मूळ मापातच आणखी एक मेख होती. इंचापर्यंत मोजणारा माणूस जवळच्या इंचाला थांबतो. 'पाच-सहा' म्हटलेल्या मुलाची खरी उंची १६६.४ पासून १६८.९ सेंटिमीटरपर्यंत कोठेही असू शकते. एवढ्या ऐसपैस जागेतून आम्ही एकच आकडा उचलला आणि तो सेंटिमीटरचा आहे म्हणून त्याला नेमका मानले. मराठीचा विद्यार्थी असल्यामुळे मला येथे भाषांतराची आठवण होते. मूळ वाक्य संदिग्ध असावे आणि भाषांतर मात्र ठाम उतरावे, तशातला हा प्रकार. त्यातून मनुष्यदेह सकाळी जितका उंच असतो तितका संध्याकाळी राहत नाही. दिवसभर पाठीच्या मणक्यांमधल्या गाद्या दबून उंची सुमारे एक सेंटिमीटरने कमी होते. तो मुलगा अवघ्या चार मिलिमीटरने हुकला होता!

असो. प्रश्न असा की दशमान पद्धती येऊन इतकी वर्षे झाली तरी आपल्या देहाची मापे अजून इंग्रजांच्या पट्टीवर का अडली आहेत? वजन-मापांचा दशमान कायदा १९५६ साली झाला, १९५७ च्या एप्रिलमध्ये नवा पैसा आला, १९५८ पासून वजने टप्प्याटप्प्याने बदलली आणि १९६२ पर्यंत बाजारातून शेर-मणांची अधिकृत सद्दी संपली. परंतु कायदा दुकानदाराच्या तराजूसाठी होता. घरात कोणी कोणाची उंची कशी सांगावी यात सरकार पडले नाही. भाजी किलोने आली, कापड मीटरने आले आणि माणूस मात्र फुटांतच राहिला. माझ्या पिढीने शाळेत पहिल्यापासून सेंटिमीटर शिकला. तरी ज्या पट्टीवर शिकला ती तीस सेंटिमीटरची असूनही तिचे नाव फूटपट्टीच होते.

आपल्या समाजातल्या कोणत्याही विवाहेच्छूचे परिचयपत्र घ्या. शिक्षण, गोत्र, नाडी, आणि उंची पाच फूट तीन इंच. इंदूरच्या मुलीचे पत्र बेळगावला जावो की बडोद्याला, हा आकडा सर्वांना डोळ्यांपुढे दिसतो. तेथे १६० सेंटिमीटर लिहिले तर मुलाची आई तत्काळ विचारील, "म्हणजे किती हो?" यात मला गैर काही दिसत नाही. वधूवरांच्या बाबतीत अर्ध्या इंचाने कोणाचे बिघडत नाही, आणि जेथे बिघडते तेथे उंची हे निमित्तच असते.

वस्त्रालंकारांचीही तीच कथा आहे. शिंपी गळ्यातल्या इंचीटेपने छाती चाळीस म्हणतो. तयार सदऱ्याच्या पट्टीवरही तोच चाळीस असतो. नऊवारी आणि सहावारी यांतला 'वार' म्हणजे यार्ड. दुकानात साडी साडेपाच मीटर म्हणून मिळते आणि सहा वार भरतात जवळजवळ तितकेच, ५.४९ मीटर. बांगड्यांची मापे तर गणिताच्या शिक्षकाला घाम फोडणारी! कासार 'दोन-चार', 'दोन-आठ' म्हणतो. त्यातला दुसरा आकडा इंचाच्या सोळाव्या भागांचा, म्हणजे रुपयाचे जसे सोळा आणे तसे इंचाचे. म्हणून दोन-चार म्हणजे सव्वादोन इंच आणि दोन-आठ म्हणजे अडीच. अलीकडे ही मापे २.८, २.१० अशी टिंब देऊन छापतात. दशांश शिकलेली मुलगी २.१० ला २.८ हून लहान समजते आणि घरी आल्यावर बांगडी हातात सैल फिरते. टिंब दशमानाचे आणि हिशेब आण्यांचा, असा हा संकर आहे.

ज्वराच्या बाबतीत गंमत निराळी आहे. आपल्या घरोघरी ताप फॅरनहाइटमध्ये बोलतात. 'एकशे दोन' म्हटले की आई उशाशी बसते. निरोगी देहाची ऊब म्हणून आपण ९८.६ हा आकडा श्लोकासारखा पाठ केला आहे आणि त्यातल्या त्या दशांश सहामुळे तो फार काटेकोर वाटतो. वास्तविक जर्मन वैद्य वुंडरलिख यांनी १८६८ साली असंख्य नोंदींवरून जी सरासरी सांगितली ती ३७ अंश सेल्सियस, म्हणजे एक साधा पूर्णांक. त्याचे रूपांतर केल्यावर ९८.६ झाले. स्वतः फॅरनहाइटने १७२४ च्या आपल्या मोजपट्टीत देहाची ऊब ९६ धरली होती. म्हणजे जो आकडा आपण अस्सल समजतो तोच मुळात भाषांतरित! डॉक्टर ज्याला ताप म्हणतात तो १००.४ देखील असाच ३८ चा अवतार आहे. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला एवढा ताप आला तर घरगुती उपाय न करता ताबडतोब डॉक्टर गाठावा लागतो. आपल्या घरचा तापमापक कोणत्या अंशांत बोलतो हे त्या घरात आधीच ठाऊक असले पाहिजे.

बाळांचा विषय निघालाच आहे तर पौंडांकडे वळू. मध्यंतरी आमच्या नात्यात अमेरिकेत मूल झाले. फोनवर वजन आले सात पौंड चार औंस. घरातली तरुण मंडळी एकमेकांकडे पाहू लागली, ऐंशी ओलांडलेल्या आईने मात्र लगेच म्हटले, "छान भरलंय की!" तिच्या बाळंतपणांच्या काळात दवाखान्यात पौंडच चालत. हिशेब केला तर ते ३.२९ किलो होते. अडीच किलोंच्या आतले मूल कमी वजनाचे मानतात, आणि तिच्या मनातला 'साडेपाच पौंड' हा उंबरठा तोच आहे.

परंतु ही मौज औषधाच्या बाटलीपाशी संपते. तापाच्या पॅरासिटामॉलची मात्रा मुलाच्या वजनावर ठरते; साधारणतः एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅमपर्यंत. दहा किलोंच्या मुलाला १५० मिलिग्रॅम होतात. त्याच मुलाचे वजन कोणी परदेशी सवयीने नुसते 'बावीस' सांगितले आणि ऐकणाऱ्याने ते किलो समजले, तर मात्रा ३३० होते, म्हणजे दुपटीहून अधिक. म्हणून आजोळी आलेल्या नातवंडाचे वजन सांगताना आकड्याबरोबर त्याचे एकक उच्चारल्यावाचून राहू नये. आणि शंका असली तर तेथल्या तेथे काट्यावर उभे करावे.

कंबरेबद्दल पुरुष वाचकांना थोडे अप्रिय सांगणे भाग आहे. विजारीवर चौतीस छापले आहे म्हणून आपली कंबर चौतीस इंच, अर्थात ८६ सेंटिमीटर, अशी आपली समजूत असते. विजार आपण पोटाखाली बांधतो. वैद्यकाला हवी असते ती शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध घेतलेली मापे. भारतीयांसाठी २००९ साली तज्ज्ञांनी पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही मर्यादा सांगितली आहे. मी हे वाचले त्या दिवशी घरच्या इंचीटेपची दुसरी बाजू उलटून पाहिली. आकडा येथे देत नाही. गोड मात्र तेव्हापासून कमी केले आहे.

त्या मुलाने पुढे दुसरीकडे अर्ज केला. तेथे उंचीची अट नव्हती. आता तो नोकरीत आहे आणि भेटला की वाकून नमस्कार करतो. त्याने तो प्रसंग मनात ठेवला नसावा. मला तो सुटत नाही.

शाळेची रंगरंगोटी निघाली तेव्हा रंगाऱ्याने विचारले, व्हरांड्यातली फुटांची पट्टी पुसू का? मी ती राहू दिली आणि समोरच्या खांबावर मिलिमीटरच्या खुणांसह सेंटिमीटरची नवी पट्टी काढून घेतली. नोंदीसाठी मुलांना आता अनवाणी, टाचा खांबाला टेकवून, डोक्यावर सपाट फळी धरून याच खांबाशी उभे करतात. दिसेल तो आकडा दशांशासह लिहितात आणि शेजारी मोजल्याची वेळ टाकतात. गुणाकार कोणी करायचा नाही, अशी माझी सक्त सूचना आहे. मधल्या सुट्टीत मात्र पोरे जुन्या पट्टीपाशीच गर्दी करतात आणि टाचा उंचावून पाच फुटांच्या रेघेला डोके लावू पाहतात.