शासकीय कृषी विभागाची उद्दिष्टनिश्चिती व अहवालपद्धती : ‘शेतकऱ्यांचे उत्पन्न दुप्पट’ या लक्ष्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
शासकीय कृषी विभागाच्या वार्षिक अहवालात आकड्यांची वाण नसते. तरतूद किती झाली, खर्च किती झाला, बियाणे किती वाटले, मृदा आरोग्यपत्रिका किती दिल्या, हे सर्व त्यात नोंदलेले असते. परंतु त्यामुळे शेतकऱ्याच्या स्थितीत काय फरक पडला, या प्रश्नाचे उत्तर त्याच अहवालात सहसा सापडत नाही. असे का होते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केंद्रीय कृषी मंत्रालयाच्या एका उदाहरणाच्या आधारे केले आहे.

उद्दिष्टांचे तीन स्तर :
शासकीय उद्दिष्टे साधारणतः तीन स्तरांवर ठरविली जातात. पहिला स्तर खर्चाचा, दुसरा प्रत्यक्ष कामाचा आणि तिसरा फलिताचा. ठिबक सिंचनासाठी दिलेले अनुदान हा खर्च होय. ठिबकखाली आलेले क्षेत्र हे काम होय. आणि पाण्याची बचत होऊन शेतकऱ्याच्या मिळकतीत पडलेली भर हे फलित होय. पहिले दोन स्तर विभागाच्या हाती असतात आणि त्यांची मोजणी कार्यालयातील नोंदींवरून होते. तिसरा स्तर मात्र पाऊस, बाजारभाव, आयात-निर्यात धोरण अशा अनेक घटकांवर अवलंबून असतो आणि त्यासाठी स्वतंत्र सर्वेक्षण करावे लागते. अहवालांचा कल पहिल्या दोन स्तरांकडे का झुकतो, याचे मूळ येथे आहे.

फलिताकडे जाण्याचे प्रयत्न :
ही उणीव शासनाला अज्ञात नव्हती. २००५-०६ पासून केंद्राने फलनिष्पत्ती अंदाजपत्रक सुरू केले. २००९ मध्ये मंत्रालयांच्या कामगिरीचे मूल्यमापन करणारी ‘रिझल्ट्स फ्रेमवर्क डॉक्युमेंट’ ही पद्धत आली. तीत प्रत्येक उद्दिष्टाला भार आणि प्रत्येक निर्देशकाला पाच श्रेणींचे लक्ष्य दिलेले असे. ही पद्धत पुढे मागे पडली. २०१७-१८ पासून योजनानिहाय काम व फलित यांचे निर्देशक अंदाजपत्रकासोबत मांडण्यात येऊ लागले.

कृषी क्षेत्रातील सर्वांत रूढ लक्ष्य मात्र उत्पादनाचे आहे. हंगामापूर्वीच्या राष्ट्रीय परिषदांत पीकनिहाय लक्ष्यांक ठरतात आणि पीक कापणी प्रयोगांच्या आधारे उत्पादनाचे अंदाज प्रसिद्ध होतात. २०२१-२२ साठी अन्नधान्याचे लक्ष्य सुमारे ३०.७ कोटी टन होते. प्रत्यक्ष उत्पादन ३१.५ कोटी टनांहून अधिक झाले. लक्ष्य, मोजमाप व मुदत या तिन्ही गोष्टी निश्चित असल्याने येथे अहवाल स्पष्ट राहतो. परंतु धान्याच्या राशी वाढल्या म्हणजे ते पिकविणाऱ्याची मिळकतही वाढली, असे अनुमान काढता येत नाही.

उत्पन्न दुप्पट करण्याचे लक्ष्य :
या पार्श्वभूमीवर २०१६ ची घोषणा महत्त्वाची ठरते. २०२२ पर्यंत शेतकऱ्यांचे उत्पन्न दुप्पट करण्याचे लक्ष्य फेब्रुवारी २०१६ मध्ये जाहीर झाले. उत्पादनाऐवजी उत्पन्न केंद्रस्थानी आणणारे हे लक्ष्य निःसंशय फलिताच्या स्तरावरील होते. अशोक दलवाई यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याचा तपशील ठरविला. २०१५-१६ हे पायाभूत वर्ष आणि २०२२-२३ हे लक्ष्यवर्ष मानण्यात आले. महागाई वगळून वास्तव उत्पन्न दुप्पट व्हावयाचे, तर त्यासाठी सात वर्षे दरसाल सुमारे १०.४ टक्के वाढ आवश्यक होती.

परंतु पायाभूत उत्पन्नाचा आकडा प्रत्यक्ष पाहणीतून आलेला नव्हता. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१२-१३ च्या पाहणीवरून तो वार्षिक ९६,७०३ रुपये असा अंदाजण्यात आला. त्या पाहणीत कृषी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न ६,४२६ रुपये होते. २०१८-१९ मध्ये ते १०,२१८ रुपये झाले. ही वाढ चालू किमतींनुसार ५९ टक्के आहे. मात्र पिकांपासूनचे उत्पन्न ३,०८१ वरून ३,७९८ रुपयांवर, म्हणजे सहा वर्षांत केवळ २३ टक्क्यांनी वाढले; महागाई लक्षात घेता ते वस्तुतः घटले. याच काळात मजुरीचे उत्पन्न २,०७१ वरून ४,०६३ रुपये झाले. ‘शेतकऱ्याचे उत्पन्न’ वाढले, पण ते प्रामुख्याने शेतीतून वाढले नाही, हे येथे दिसून येते.

लक्ष्यवर्षाचा अहवाल :
२०१८-१९ नंतर या मालिकेतील पुढील पाहणी लक्ष्यवर्षात झाली नाही. परिणामी मुदत संपली तेव्हा लक्ष्य गाठले की नाही, हे सांगणारे साधनच उपलब्ध नव्हते. संसदेतील उत्तरांत योजनांची यादी आणि वाढलेल्या तरतुदी देण्यात आल्या. भारतीय कृषी संशोधन परिषदेने २०२२ मध्ये उत्पन्न दुप्पट झालेल्या ७५,००० शेतकऱ्यांच्या यशोगाथा प्रसिद्ध केल्या. या यशोगाथा अनुकरणीय असतील. तथापि निवडलेल्या यशस्वी उदाहरणांवरून सरासरी सिद्ध होत नाही. नाबार्डच्या पाहणीनुसार कृषी कुटुंबाचे मासिक उत्पन्न २०१६-१७ मध्ये ८,९३१ व २०२१-२२ मध्ये १३,६६१ रुपये होते. परंतु तिचा अहवाल २०२४ मध्ये आला आणि तिची कृषी कुटुंबाची व्याख्या वेगळी असल्याने वरील पायाशी त्याची थेट तुलना करता येत नाही. थोडक्यात, लक्ष्य तिसऱ्या स्तरावर ठरले आणि अहवाल पहिल्या दोन स्तरांवर परतला.

समारोप :
वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.
१. फलिताचे लक्ष्य जाहीर करतानाच पायाभूत आकडा, मोजमापाची व्याख्या व मोजणीचे वर्ष निश्चित झाले पाहिजे.
२. मोजणी करणारी यंत्रणा योजना राबविणाऱ्या विभागापासून स्वतंत्र असावी.
३. लक्ष्य अपूर्ण राहिल्यास त्याची कारणे अहवालात नोंदविणे बंधनकारक असावे.
अन्यथा विभागाचा खर्च पूर्ण होतो, कामाचे लक्ष्यांक साध्य होतात आणि ज्याच्यासाठी हे सारे केले त्याचे काय झाले, हे मात्र अनुत्तरित राहते. वाणिज्य, अर्थशास्त्र व लोकप्रशासन या विषयांच्या अध्यापकांनी अशा अहवालांचे वाचन अभ्यासक्रमात आणल्यास तो प्रश्न विचारणारी पिढी घडू शकेल.