टीएसएच वाढलेला, माणूस ठणठणीत

डोंबिवली पूर्वेला एका लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. सकाळी रक्त द्यायला येणाऱ्या बायकांच्या चिठ्ठीवर थायरॉइड बहुतेक वेळा असतोच. टिळकनगरच्या एका काकूंचा आकडा मात्र मला मशीनवरच खटकला. टीएसएच ६० च्या पुढे. असायला हवा साधारण ४ च्या आत. एवढ्या आकड्याला माणूस सुजलेला, गळून गेलेला दिसतो. काकू तर रोज उभ्याने लोकलने ठाण्याला नोकरीला जाणाऱ्या. थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन, फ्री टी-४, तेसुद्धा नॉर्मल.

टीएसएच पिट्युटरी ग्रंथीतून निघतो आणि थायरॉइडला कामाला लावतो. हाशिमोटोच्या आजारात, जो हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ साली नोंदवला, शरीर आपल्याच थायरॉइडवर उठतं. त्यासाठी बनणाऱ्या अँटिबॉडी म्हणजे रक्तातली प्रथिनंच. क्वचित एखाद्याच्या रक्तात अशी अँटिबॉडी खुद्द टीएसएचलाच चिकटते. टीएसएचचं वजन सुमारे २८ हजार डाल्टन, अँटिबॉडीचं दीड लाख. ही जोडी मूत्रपिंडातून गाळली जात नाही, रक्तात साचत राहते. थायरॉइडवर तिचा परिणाम जवळपास नाही, पण मशीन तिला मोजतं. हाच मॅक्रो-टीएसएच.

तो ओळखायला सिरममध्ये तेवढंच पेगचं, म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं, द्रावण घालतात. मिश्रण ताकासारखं गढूळ होतं. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं की अँटिबॉडी आणि तिला चिकटलेला टीएसएच तळाशी पांढरा साका होऊन बसतो. वरच्या पाण्यात काकूंचा टीएसएच जेमतेम उरला होता. थोडा मोकळा टीएसएचही पेगबरोबर खाली जातो, म्हणून शेजारी दुसऱ्या कुणाचं साधं सिरम लावावंच लागतं.

हार्मोनला अँटिबॉडी चिकटते हे रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी इन्सुलिनच्या बाबतीत १९५६ मध्ये दाखवलं, तेव्हा लोकांना पटेना. त्यातूनच हार्मोन मोजायचं तंत्र निघालं आणि १९७७ मध्ये यॅलोंना नोबेल मिळालं.

वाढलेला टीएसएच बहुतेकांचा खराच असतो. थायरॉक्सिनची गोळी मनाने बंद करू नका. पण त्रास काही नाही, टी-४ नॉर्मल, डोस वाढवूनही टीएसएच हलत नाही, असं असेल तर डॉक्टरांना पेगबद्दल जरूर विचारा. गरज नसताना थायरॉक्सिन वाढलं की छातीत धडधडतं, हाडं झिजतात.

बाळंतिणीच्या बाबतीत तर मी फार जपते. आईची ही अँटिबॉडी वारेतून बाळात उतरते आणि जन्मानंतरच्या तपासणीत टाचेतून घेतलेल्या रक्तात टीएसएच वाढलेला येतो. अशा वेळी बाळाचा फ्री टी-४ त्याच दिवशी लावायचा, आणि आईचंही रक्त मागून घ्यायचं.