राजेसाहेबांचा हुकूम

माधवनगरहून सायकल काढा. एका बाजूला सांगली, उलट दिशेला बुधगाव. दमायच्या आत पोहोचाल! पण ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी या दोन वेगळ्या राजांच्या राजधान्या होत्या बरं का. सांगलीत एक पटवर्धन, बुधगावात दुसरे, तेही मिरजेच्या धाकट्या पातीचे. थोरली पाती खुद्द मिरजेत. मामाकडे जाताना वाटेत राजा बदलायचा म्हणा ना!

कायदा कोण करणार? राजा. सारा किती? राजा म्हणेल तेवढा. तंट्याचा शेवटचा निवाडाही त्याचाच. असा सगळा कारभार एकाच्या मुठीत असला की त्याला म्हणायचं एकतंत्री राज्य. फ्रान्सचा चौदावा लुई तब्बल ७२ वर्षं राजा होता. गादीवर आला तेव्हा पुरता पाच वर्षांचाही नव्हता! आपल्याकडच्या राजांची मात्र गंमत होती: प्रजेवर हुकूम चालवायचा आणि गोऱ्या साहेबापुढे मान तुकवायची.

बरं, हातातली सत्ता आपणहून कोण सोडतं? इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सने सोडली नाही, तर १६४९ साली लोकांनी त्याचं डोकंच उडवलं.

औंधात मात्र नवल घडलं. औंधचं संस्थान तुकड्या-तुकड्यांचं. औंध सातारा जिल्ह्यात. आटपाडी आणि कुंडल आज आपल्या सांगली जिल्ह्यात. सांगलीहून पुण्याच्या गाडीत बसलात की नांद्रे, भिलवडी, मग किर्लोस्करवाडी येते ना? तिथल्या कारखान्याला माळरान दिलं ते याच संस्थानच्या राजाने, भवानराव पंतप्रतिनिधींनी. सूर्यनमस्काराचे तर ते भलतेच वेडे! त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब विलायतेहून शिकून आले. मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा इंजिनिअर सोबतीला आला. दोघांनी गांधीजींचा सल्ला घेतला आणि १९३९च्या जानेवारीत राजेसाहेबांनी कारभार प्रजेच्या हाती दिला. गावोगावी लोकांनी निवडलेले पंच बसले. गावचा तंटा गावातच मिटू लागला. अधिकार सोडण्याचा हुकूम काढणारा राजा म्हणजे नवलच की! मला तर चौदाव्या लुईपेक्षा हाच राजा मोठा वाटतो.

त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. कैद्यांची वसाहत, पण भिंत नाही! कैदी शेती करायचे. पुढे याच गोष्टीवरून व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा सिनेमा काढला. कथा कुणाची? गदिमांची. तेही औंध संस्थानातलेच, माडगूळचे.