गाळा घेण्याआधी गल्ली पाहा

गाळा पाहायला गेलो की आपण भाव विचारतो, पागडी विचारतो, दर्शनी रुंदी मोजतो. समोरची गल्ली पुढे कुठे निघते, हे फारसे कोणी विचारीत नाही. कापडाच्या धंद्यात उमर काढल्यावर आम्हाला वाटते की पहिला सवाल हाच हवा.

मुंबईचेच घ्या. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्ती फोडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड आणि सिडनहॅम रोड, म्हणजे आजचा महंमदअली रोड, हे रस्ते काढले. किती घरे उठली, ते दुःख वेगळे. पण हे रस्ते जुन्या गल्ल्यांना येऊन मिळाले. त्यामुळे मंगळदास मार्केटात कापड घेतलेले गिऱ्हाईक अस्तर, बटण, लेस शोधत पायीच दहा दुकाने फिरते. एक वाट हातगाड्यांनी अडली तर दुसरीने निघते.

शहर पसरू लागले की हा सांधा तुटतो. वेशीबाहेरची शेते तुकड्यातुकड्याने विकली जातात. जो तो आपल्यापुरता रस्ता पाडतो, भिंत घालतो आणि एकच फाटक ठेवतो. शेजारची इमारत शंभर पावलांवर दिसते, पण जायला हमरस्त्याने किलोमीटरभर वळसा! अशा बंद गल्लीत तिथे राहणारेच काय ते गिऱ्हाईक. जाता जाता शिरणारे कोणी नाही. उलट सारी वाहने त्या एकाच हमरस्त्यावर येतात आणि आपला टेम्पो खोळंबतो.

हे दुखणे जगभरचे आहे. दोन संशोधकांनी सर्व देशांच्या रस्त्यांचे नकाशे तपासून २०२० मध्ये दाखवले की १९७५ पासून नव्या वस्त्यांचे रस्ते अधिकाधिक तुटक होत गेले. अमेरिकेत मात्र १९९० च्या दशकाच्या मध्यानंतर कल थोडा उलटला.

रुंद रस्ता म्हणजे जोडलेला रस्ता नव्हे. महंमदअली रोडवरच्या पुलाने मोटारी जे. जे. पासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत सरळ जातात. दूर जाणाऱ्याची सोय झाली, पण पुलावरचा माणूस खालच्या दुकानाचे गिऱ्हाईक नव्हे.

इमारत पाडून नवी बांधता येते. प्लॉट विकले गेले की रस्ता हलत नाही. म्हणून वेळ आधीच साधावी. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली प्रारूप विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवतात. तेव्हा दोन वस्त्यांमधली जोडवाट लेखी मागावी. आणि गाळा घ्यायचाच तर स्कूटर बाजूला लावून पायी फिरा. चौक किती, तिठे किती, बंद टोके किती, मोजा. फाटक रात्री कधी बंद होते ते पहारेकऱ्याला विचारा, बिल्डरला नको.