लिनक्सच्या हँडहेल्डला ब्लूटूथ हेडफोन

लिनक्सवर चालणाऱ्या हँडहेल्ड उपकरणात ब्लूटूथ जोडणी ‘ब्लूझेड’ सांभाळते. आवाजाचे वहन ‘पाइपवायर’ किंवा जुना ‘पल्सऑडिओ’ करतो.

जोडणी : हेडफोन पेअरिंग मोडमध्ये ठेवून ब्लूटूथ सेटिंगमध्ये शोधावेत. त्यानंतर ‘पेअर’, ‘ट्रस्ट’ आणि ‘कनेक्ट’ हा क्रम पाळावा. ‘ट्रस्ट’ केलेले हेडफोन पुढच्या वेळी पुन्हा परवानगी न विचारता जोडले जातात.

स्टिरिओ : प्रोफाइल ‘ए2डीपी’ निवडावे. ‘एचएफपी’मध्ये मायक्रोफोन चालतो, मात्र आवाज मोनो होतो.

अडथळे : ब्लूटूथ आणि अनेक वायफाय 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यातच चालतात. त्यामुळे बारामती, इंदापूरसारख्या गजबजलेल्या एसटी स्थानकांवर आवाज तुटू शकतो. अशा वेळी उपकरण हेडफोनजवळ धरावे, शक्य असल्यास वायफाय 5 गिगाहर्ट्झवर न्यावे.