सहनशक्तीच्या शर्यतीचा सराव आणि सर्दी-पडसे : नागपूरच्या हिवाळ्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

विदर्भातील दीर्घ पल्ल्याच्या धावपटूचे वर्ष हिवाळ्याभोवती फिरते. मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जाणारा पारा लांब धावण्याला अनुकूल नसतो, पावसाळ्यात मैदाने चिखलाने भरतात. त्यामुळे खऱ्या अर्थाने सराव वाढतो तो दिवाळीनंतर. जानेवारी महिन्यात होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांच्या बाबतीत तर सर्वाधिक किलोमीटरचे आठवडे नेमके नोव्हेंबरचा उत्तरार्ध आणि डिसेंबर या काळात येतात. याच सुमारास नागपुरात दुपारचे तापमान २८ अंशांच्या आसपास आणि पहाटेचे १२ अंशांच्या आसपास असते. काही वर्षी ते याहूनही बरेच खाली जाते. २९ डिसेंबर २०१८ रोजी शहरात ३.५ अंश सेल्सिअस एवढ्या नीचांकी तापमानाची नोंद झाली होती. अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्स या परिसरात पहाटे धावणाऱ्यांची संख्या याच काळात वाढते आणि याच काळात त्यांच्यापैकी अनेकांची नाके वाहू लागतात.

दीर्घ पल्ल्याच्या क्रीडाप्रकारांचे आकर्षण नागपुरात गेल्या दोन दशकांत लक्षणीय वाढले आहे. नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत एकट्याने, ११ दिवस २१ तास ११ मिनिटांत पूर्ण केली. २०१८ मध्ये मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही सुमारे ९,१०० किलोमीटरची शर्यतही त्यांनी पुरी केली. अशा उदाहरणांनी प्रेरित झालेला महाविद्यालयीन विद्यार्थी जेव्हा शर्यतीच्या पंधरा दिवस आधी शिंकत शिंकत शारीरिक शिक्षण संचालकांसमोर उभा राहतो, तेव्हा प्रश्न निर्माण होतो : त्याने धावावे की धावू नये? मैदानावरचे ज्येष्ठ सांगतात, घाम काढ म्हणजे सर्दी पळेल. घरचे सांगतात, पांघरूण घेऊन पडून राहा. या दोन्ही सल्ल्यांत तथ्याचा अंश आहे. मात्र कोणता सल्ला कोणत्या वेळी लागू पडतो हे ठरविण्यात चूक झाली तर तिची किंमत शर्यतीपेक्षा मोठी असू शकते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे उपलब्ध संशोधनाच्या आधारे विवेचन केले आहे.

सर्दी थंडीमुळे होते काय?

सर्दी हा विषाणूजन्य आजार आहे. तिला कारणीभूत होणाऱ्या विषाणूंमध्ये ऱ्हायनोव्हायरस प्रमुख असून त्याचेच दीडशेहून अधिक प्रकार ज्ञात आहेत. म्हणूनच एकदा सर्दी झाली म्हणजे पुन्हा होणार नाही अशी प्रतिकारशक्ती माणसाला कधी मिळत नाही. विषाणूवर प्रतिजैविकांचा परिणाम होत नाही, हे विज्ञान शाखेच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. तरीही औषधांच्या दुकानातून प्रतिजैविकाच्या तीन-चार गोळ्या सुट्या मागून नेण्याची प्रथा सुशिक्षितांमध्येही टिकून आहे.

थंडीचा संबंध अप्रत्यक्ष आहे. ऱ्हायनोव्हायरसची वाढ ३७ अंशांपेक्षा ३३ अंशांच्या आसपास अधिक चांगली होते आणि थंड हवा ओढणाऱ्या नाकाचे तापमान तेवढेच असते. याखेरीज वसतिगृहांच्या बंद खिडक्या, एका खोलीत झोपणारे तिघे-चौघे आणि एकच टॉवेल अनेकांनी वापरण्याची सवय या गोष्टी विषाणूच्या प्रसाराला पुरेशा ठरतात. पहाटेच्या धुक्यात अडकलेला वाहनांचा आणि शेकोट्यांचा धूर श्वासमार्गाला वेगळाच त्रास देतो. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. थंड व कोरड्या हवेत जोराने श्वास घेतल्याने नाक वाहणे, घसा खवखवणे, धावल्यानंतर काही मिनिटांनी खोकल्याची उबळ येणे ही लक्षणे संसर्गाशिवायही दिसतात. ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात (२००७) आजारी पडलेल्या क्रीडापटूंच्या लक्षणांपैकी केवळ ३० टक्क्यांच्या आसपास प्रसंगांत प्रत्यक्ष रोगजंतू आढळला. ज्या खेळाडूला ‘दर आठवड्याला सर्दी’ होते, त्याला बहुधा सर्दी नसून अ‍ॅलर्जी किंवा व्यायामजन्य दमा असतो. त्याने काढा बदलत बसण्याऐवजी छातीच्या डॉक्टरांकडे जावे.

अतिसराव आणि संसर्ग

दीर्घ शर्यतीनंतर धावपटू अधिक आजारी पडतात हे प्रथम पद्धतशीरपणे मांडले गेले ते दक्षिण आफ्रिकेत. केपटाऊनच्या ५६ किलोमीटरच्या ‘टू ओशन्स’ शर्यतीत १९८२ मध्ये धावलेल्यांपैकी ३३ टक्के जणांना पुढील दोन आठवड्यांत श्वसनमार्गाची लक्षणे जाणवली. त्यांच्या घरातील न धावणाऱ्यांमध्ये हे प्रमाण सुमारे १५ टक्के होते. १९८७ च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉनमधील धावपटूंच्या अभ्यासात शर्यतीनंतरच्या आठवड्यात १२.९ टक्के धावपटू आजारी पडले, तर सराव करूनही शर्यतीत न उतरलेल्यांपैकी फक्त २.२ टक्के. आठवड्याला ९६ किलोमीटरहून अधिक धावणाऱ्यांना शर्यतीपूर्वीच्या दोन महिन्यांत आजाराचा धोका ३२ किलोमीटरहून कमी धावणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट असल्याचेही त्यात दिसले. यातूनच पुढे अशी मांडणी रूढ झाली की मध्यम व्यायामाने संसर्गाचा धोका घटतो आणि अतिव्यायामाने तो बैठ्या माणसापेक्षाही वाढतो.

या मांडणीला अलीकडे आव्हान मिळाले आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षणात असा युक्तिवाद करण्यात आला की वरील अभ्यासांतील आजार धावपटूंनी स्वतःच सांगितलेले असून प्रयोगशाळेत तपासलेले नव्हते; तसेच कठोर व्यायामानंतर रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात त्या नष्ट होत नाहीत, तर फुप्फुसे, आतडी यांसारख्या ठिकाणी पहारा देण्यासाठी जातात. वाद अद्याप मिटलेला नाही. परंतु प्रशिक्षकाच्या दृष्टीने त्याचा निकाल फारसा महत्त्वाचा नाही. शर्यतीतील हजारोंची गर्दी, रेल्वेचा रात्रभराचा प्रवास, अपुरी झोप आणि मानसिक ताण हे सर्व घटक दीर्घ शर्यतीबरोबर येतातच. त्यांपैकी कोणता किती दोषी हे ठरण्यापूर्वीही त्यांच्यापासून सांभाळून राहता येते.

झोपेचा मुद्दा येथे थोडा विस्ताराने मांडणे आवश्यक आहे, कारण तो सर्वाधिक दुर्लक्षित आहे. अमेरिकेत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १५३ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात ऱ्हायनोव्हायरसचे थेंब टाकण्यात आले. सात तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता आठ तास वा अधिक झोपणाऱ्यांपेक्षा जवळजवळ तिप्पट आढळली. २०१५ च्या अशाच प्रयोगात, सहा तासांहून कमी झोप असणाऱ्यांमध्ये ती चौपटीहून अधिक होती. आता नागपुरातील विद्यार्थी-धावपटूचा दिवस पाहावा. हिवाळी सत्राच्या परीक्षांसाठी तो रात्री बारापर्यंत जागतो आणि साडेचारला उठून मैदान गाठतो. त्याच्या खुराकात बदाम किती आहेत याची चौकशी सर्वजण करतात, झोपेची कोणीच करीत नाही. परीक्षेच्या पंधरवड्यात पहाटेचा सराव संध्याकाळवर ढकलणे एवढा एकच निर्णय संचालकांनी घेतला तरी अनेक काढ्यांचे काम होते.

धावावे की थांबावे?

क्रीडावैद्यकात एक सोपी कसोटी १९९० च्या दशकापासून वापरात आहे. लक्षणे मानेच्या वर असतील, म्हणजे नाक वाहणे, शिंका, घशात किंचित खवखव एवढेच असेल, तर आधी दहा मिनिटे सावकाश धावून पाहावे. बरे वाटल्यास हलका सराव चालू ठेवावा, डोके जड होऊ लागल्यास घरी जावे. लक्षणे मानेच्या खाली असतील, म्हणजे ताप, अंगदुखी, छातीतून येणारा खोकला, धाप, जुलाब असे काही असेल, तर सराव पूर्णपणे बंद ठेवावा. ही कसोटी अनुभवावर आधारित आहे आणि ती काटेकोर नाही; तथापि तिच्या पहिल्या भागाला प्रायोगिक आधार आहे. १९९८ मधील एका अभ्यासात ऱ्हायनोव्हायरसचा संसर्ग मुद्दाम घडवून काही जणांना मध्यम व्यायाम करण्यास सांगितले असता त्यांची सर्दी न व्यायाम करणाऱ्यांपेक्षा अधिक तीव्र वा दीर्घ झाली नाही. अर्थात तिचा कालावधी कमीही झाला नाही. ‘घाम काढल्याने सर्दी पळते’ या समजुतीला त्यामुळे आधार उरत नाही.

दुसऱ्या भागाबाबत मात्र तडजोड नको. ताप असताना हृदयाचे ठोके दर अंशामागे साधारण दहाने वाढतात, शरीरातील पाणी कमी होते आणि उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता घटते. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे काही विषाणू हृदयाच्या स्नायूचा दाह घडवितात. कॉक्सॅकी विषाणूची लागण झालेल्या उंदरांना बळेच पोहावयास लावले असता त्यांच्या हृदयातील विषाणूंचे प्रमाण प्रचंड वाढल्याचे १९७० मध्येच दाखविण्यात आले होते. स्वीडनमध्ये १९७९ ते १९९२ या काळात रानावनातून नकाशाच्या साहाय्याने धावण्याच्या क्रीडाप्रकारातील १६ तरुण खेळाडूंचा आकस्मिक मृत्यू झाला. त्यांपैकी अनेकांच्या हृदयात दाहाच्या खुणा आढळल्या. निश्चित कारणाविषयी मतभेद राहिले, तरी तेथील क्रीडा संघटनेने काही महिने सराव व स्पर्धा थांबविल्या आणि आजारपणात न धावण्याचा दंडक घातला. अशा घटना विरळ आहेत हे खरे; पण ज्याच्या वर्गात तो विद्यार्थी बसतो त्या शिक्षकाला विरळपणाचा आधार पुरेसा वाटू नये. २०२० नंतर तर साध्या वाटणाऱ्या सर्दीमागे कोविड असू शकतो, हेही गृहीत धरावे लागते. छातीत दुखणे, धडधड, भोवळ किंवा नेहमीच्या वेगाला अनाकलनीय दम लागणे यांपैकी काहीही आढळल्यास ईसीजी काढल्याशिवाय मैदानावर परतू देऊ नये.

खेळाडू स्वतःहून ताप सांगेलच असे नाही. संघातून वगळले जाण्याची भीती त्याला असते. पहाटे अंथरुणातून उठण्यापूर्वी नाडीचे ठोके मोजून वहीत लिहिण्याची सवय येथे उपयोगी पडते. नेहमी ५२ ठोके असणाऱ्याचे अचानक ६२ भरले, तर आजार अंगात येत आहे असे समजून त्या दिवशी विश्रांती द्यावी.

संत्री, काढे आणि गोळ्या

संत्रानगरीत सर्दीचा विषय निघाला की ‘क’ जीवनसत्त्व ओघानेच येते. सर्वसामान्य लोकांनी ते रोज घेतल्याने सर्दीचे प्रमाण घटत नाही, असा अनेक चाचण्यांचा एकत्रित निष्कर्ष आहे. आजाराचा काळ तेवढा किंचित कमी होतो. अपवाद आहे तो नेमका येथे. मॅरेथॉन धावपटू, बर्फावर घसरणारे खेळाडू आणि थंडीत कवायत करणारे सैनिक अशा सुमारे ६०० जणांवरील पाच चाचण्यांत सर्दीचा धोका निम्म्यावर आला. दक्षिण आफ्रिकेतील कॉम्रेड्स शर्यतीच्या धावपटूंना तीन आठवडे रोज ६०० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व दिले असता शर्यतीनंतर ३३ टक्क्यांना लक्षणे जाणवली, तर न घेणाऱ्यांपैकी ६८ टक्क्यांना. नागपुरी संत्र्याच्या १०० ग्रॅम गरात हे जीवनसत्त्व साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम असते. म्हणजे चाचणीतील मात्रा संत्र्यांतून मिळवायची तर दररोज किलोहून अधिक गर खावा लागेल. ते कोणी करू नये. रोज दोन-तीन संत्री, एखादा पेरू किंवा आवळा एवढे आहारात असणे योग्य. अंबिया बहाराची फळे याच दिवसांत बाजारात असतात, ही विदर्भातील धावपटूची सोयच होय.

आले, तुळस, गवती चहा यांचा काढा आणि हळद घातलेले दूध यांनी विषाणू मरतो असे सिद्ध झालेले नाही. पण गरम द्रव पोटात जातो, घसा मऊ होतो, आणि सरावामुळे पाण्याची तूट असलेल्या शरीराला ते हवेच असते. वाफ घेतल्याने नाक तात्पुरते मोकळे होते, आजार लवकर बरा होत नाही. उकळत्या पातेल्याने भाजण्याच्या दुर्घटना लक्षात घेता वसतिगृहात हा प्रयोग जपूनच करावा.

गोळ्यांची बाब अधिक नाजूक आहे. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये रुमानियाची जिम्नॅस्ट आंद्रेया रादुकान हिचे सुवर्णपदक सर्दीच्या गोळीतील सुडोएफेड्रिनमुळे काढून घेण्यात आले; ती गोळी तिला संघाच्या डॉक्टरनेच दिली होती. हे द्रव्य २००४ मध्ये प्रतिबंधित यादीतून वगळले गेले, पण २०१० पासून ते पुन्हा यादीत असून स्पर्धेच्या वेळी मूत्रातील प्रमाण दर मिलिलिटरला १५० मायक्रोग्रॅमहून अधिक आढळल्यास खेळाडू दोषी ठरतो. विद्यापीठ स्तरावरही उत्तेजक चाचणी होऊ शकते, हे विद्यार्थ्यांना आधी सांगितलेले असले पाहिजे. सर्दीची गोळी घेण्यापूर्वी तिच्या वेष्टनावरील घटकद्रव्ये वाचून संचालकांना दाखविण्याचा नियम महाविद्यालयाने करावा. सर्दीच्या जुन्या गोळ्यांतील क्लोरफेनिरामीनने झोप येते आणि तोंड कोरडे पडते. आयब्युप्रोफेन घेऊन लांब अंतर धावल्यास मूत्रपिंडांवर ताण पडतो. ताप उतरविण्यासाठी पॅरासिटामॉल घ्यावे. परंतु ते घेऊन ताप उतरला म्हणून धावावयास जाणे म्हणजे धोक्याची घंटा कापसाने बंद करण्यासारखे आहे.

सरावाकडे परतताना

आठवडाभर बसून राहिलो तर सारी तयारी वाया जाईल, ही भीती धावपटूला घरात स्वस्थ बसू देत नाही. ती अवास्तव आहे. १९८४ मधील एका प्रसिद्ध अभ्यासात सात कसलेल्या खेळाडूंनी सराव पूर्णपणे सोडल्यावर त्यांची कमाल प्राणवायू-ग्रहणक्षमता २१ दिवसांत ७ टक्क्यांनी घटली. ५६ दिवसांनंतर घट १६ टक्क्यांवर स्थिरावली. पाच-सात दिवसांच्या खंडाने होणारे नुकसान त्यामुळे नगण्यच म्हणावे लागेल. उलट तापात पुरे केलेले एक ३० किलोमीटरचे धावणे पुढील तीन आठवडे खाऊन टाकू शकते.

औषधाशिवाय ताप उतरून पूर्ण एक दिवस गेल्यावर प्रथम अर्धा तास चालावे, दुसऱ्या दिवशी वीस-तीस मिनिटे बोलता येईल अशा वेगाने धावावे, आणि नाडी व झोप पूर्ववत असतील तरच अंतर वाढवावे. वेगाचा सराव सर्वांत शेवटी. जितके दिवस आजारपणात गेले, निदान तितके दिवस पूर्ववत होण्यास द्यावेत. चुकलेले किलोमीटर पुढील आठवड्यात भरून काढण्याचा मोह टाळावा. या काळात पहाटे पाचऐवजी ऊन पडल्यावर सात-साडेसातला धावल्यास थंड हवेचा मारा कमी होतो, धुकेही विरळ झालेले असते. नाका-तोंडावरून सैलसर रुमाल बांधल्याने आत जाणारी हवा थोडी उबदार व दमट होते. शिंकणाऱ्या खेळाडूची पाण्याची बाटली आणि टॉवेल मात्र त्या दिवसांत वेगळे ठेवावेत आणि संघाच्या सामायिक खोलीत त्याला झोपवू नये. शर्यतीला निघालेल्या गाडीत तो एकटा बसलेला नसतो.